जुन्या फोर-व्हील बोलेरो कॅम्परला दुसरे इंजिन: डीआय, सीआरडीई की आणखी काही?

आंबेवाट | ६ जून

माझ्याकडे २००८ सालची बोलेरो कॅम्पर आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह, टर्बो असलेले २५२३ सीसीचे डीआय इंजिन (यांत्रिक पंपाचे जुन्या धाटणीचे डिझेल), मालवाहू म्हणून नोंद. राजापूर तालुक्यात आमची हापूसची कलमे काही सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आणि काही सड्याखालच्या उतारावर आहेत. मार्च ते मे आंब्याचे क्रेट, पावसाच्या तोंडाशी खत आणि उन्हाळ्यात पाण्याची टाकी, अशी तिची कामे ठरलेली आहेत. वाडीपासून वरच्या बागेपर्यंतचा रस्ता म्हणजे जांभ्याचा उघडा चढ असून, पाऊस पडला की तिथे मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी चढत नाही. चासी, पाटे आणि दोन्ही डिफरन्शियल उत्तम स्थितीत आहेत, मागच्या हौद्याचा पत्रा नुकताच करून घेतला आहे. त्यामुळे गाडी काढून टाकण्याचा विचार नाही.

इंजिन मात्र थकले आहे. सकाळी सुरू करताना पांढरट आणि चढावर निळसर धूर येतो, तेल वरचेवर भरावे लागते, आणि तेल भरण्याचे झाकण काढले की आतून फसफस वारा येतो. आमच्या मेकॅनिकने तीन पर्याय पुढे ठेवले आहेत: हेच इंजिन पूर्ण बांधून घेणे, भंगार बाजारातून चालू स्थितीतले दुसरे डीआय आणून बसवणे, किंवा अपघातात सापडलेल्या स्कॉर्पिओचे एमहॉक इंजिन बसवणे. तिसऱ्या पर्यायाबद्दल तो फार उत्साहात बोलतो. पहिल्याचा खर्च तो लाखाच्या आत सांगतो, तिसऱ्याचा तीन लाखांच्या पुढे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

डिझेलप्रेमी | ६ जून

तेलाचा दाब किती आहे? इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकतो का? हे कळल्याशिवाय पुढची चर्चा हवेतच राहील.

कडेलोट | ६ जून

मेकॅनिक उत्साहात असेल, तर तीन लाखांतले किती त्याचे आणि किती इंजिनाचे, हे आधी विचारून घ्यावे, अशी नम्र सूचना.

घाटमाथा | ६ जून

मी अशा अदलाबदलीतून गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या बोलेरो इन्व्हेडरमध्ये मुळात आपल्यासारखेच डीआय इंजिन होते. २०१५ मध्ये मी त्याजागी थारमधले २४९८ सीसीचे सीआरडीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे कॉमन रेल डिझेल इंजिन बसवले. डीआयची कमाल शक्ती ६३ अश्वशक्ती आणि सीआरडीईची १०५, तर टॉर्क सुमारे १८० न्यूटन-मीटरवरून २४७ वर गेला. वरंध आणि ताम्हिणी घाटांत जो फरक जाणवतो तो शब्दांत सांगणे कठीण आहे. पूर्वी ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर जीव मुठीत धरून चालावे लागे, आता तिसऱ्यावर सहज ओलांडता येते.

मात्र ते काम ‘इंजिन उचलले आणि ठेवले’ असे नव्हते. इंजिनाबरोबर त्याचाच ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), त्याचीच इमोबिलायझरची (चोरीविरोधी कुलपाची) किल्ली, त्याचेच अॅक्सिलरेटर पेडल आणि पूर्ण वायरिंग एकाच गाडीतून आलेले असावे लागते, कारण यांतला एक तुकडा जरी दुसऱ्या गाडीतला असला तरी सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही. इंटरकूलरसाठी पुढे जागा काढावी लागली, रेडिएटर बदलावा लागला, डिझेलच्या टाकीला परतीची वेगळी लाइन आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर द्यावा लागला. इंजिन फाउंडेशन नव्याने वेल्ड करावे लागले. एवढे करून गाडी आजही उत्तम चालते आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो. आपल्याला एमहॉकऐवजी थारचे हे इंजिन शोधण्याचा सल्ला देईन.

पान्हेवाला | ७ जून

माझे कोल्हापुरात उद्यमनगरात लहानसे वर्कशॉप आहे आणि डीआय इंजिने आमच्याकडे नियमित येतात. घाटमाथा यांचे काम चांगले झाले यात शंका नाही, पण आंबेवाट यांचा प्रश्न वेगळा आहे, असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी की, कोणते इंजिन घ्यायचे हे ठरवण्याआधी हे इंजिन कशाने गेले ते शोधले पाहिजे. झाकणातून वारा येतो त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजले की जळलेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये (तेलाच्या पात्रात) उतरतो आणि तिथून झाकणावाटे बाहेर पडतो. निळसर धूर तेल जळत असल्याचा आणि सकाळचा पांढरट धूर अर्धवट जळलेल्या डिझेलचा. ही सगळी लक्षणे कॉम्प्रेशन उतरल्याकडे बोट दाखवतात. पावणेतीन-तीन लाख किलोमीटरनंतर हे होणारच, पण आपल्याकडे जांभ्याची धूळ आहे, आणि ती धूळ इंजिनात गेली तर वर्षांचे काम महिन्यांत होते. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणारा रबरी होज पाईप काढा, आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर तांबूस माती आली, तर तुमचे इंजिन म्हातारपणाने नव्हे, मातीने गेले आहे. मग तुम्ही डीआय बसवा, सीआरडीई बसवा किंवा एमहॉक; तो पाईप तसाच राहिला, तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाईल, आणि कॉमन रेलचे त्यातल्या त्यात महागात जाईल.

दुसरे, रेडिएटर. बागेत लो गिअरमध्ये चढताना वारा लागत नाही, त्यामुळे अर्धा बुजलेला रेडिएटर महामार्गावर कधी तक्रार करत नाही, पण चढावर हेड तापवतो. तो आतून साफ करा किंवा बदला.

तिसरे, बांधणीचा खर्च. पूर्ण काम म्हणजे बोअर, पिस्टन-रिंग, मेन आणि बिग एंड बेअरिंग, क्रँक मोजून गरज असल्यास ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह, गाईड आणि सीट, ऑइल पंप, मायको (डिझेल) पंपाचे कॅलिब्रेशन, नोझल आणि टर्बोची तपासणी. पुष्कळ ठिकाणी पंप-नोझल आणि टर्बो वगळून आकडा सांगतात आणि इंजिन पुन्हा बसल्यावर ‘आता हेही करावे लागेल’ असे कळते. आपल्या मेकॅनिककडून हे लेखी मागा.

सड्यावरची_सावली | ७ जून

आमच्याकडे देवगडला याच इंजिनाची कॅम्पर आहे आणि बांधून घेऊन चार हंगाम झाले. पान्हेवाला यांनी होज पाईपचे जे सांगितले ते सोन्यासारखे आहे. क्लिप घट्ट दिसते, पण पाईपला खालच्या अंगाला चीर असते आणि ती वरून दिसत नाही.

रेवा | ७ जून

मी मोटार विम्याची सर्वेक्षक म्हणून काम करते, त्यामुळे या विषयाची कागदोपत्री बाजू मांडते. तीच सर्वांत शेवटी आठवते आणि सर्वांत आधी अडवते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे आर.सी.वरील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील. आर.सी.वर चासी क्रमांकासोबत इंजिन क्रमांक, घनक्षमता आणि अश्वशक्ती असते. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवल्यास आरटीओच्या मंजुरीने नव्या क्रमांकाची नोंद करून घेता येते, आणि ती माहिती चौदा दिवसांत कळवावी लागते. वेगळ्या प्रकारचे इंजिन ही निराळी बाब आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचले आणि मूळ तपशिलांशी विसंगत बदलांची नोंद करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. घाटमाथा यांचे काम २०१५ चे आहे. तेव्हा झालेली नोंद आज तशीच होईल असे गृहीत धरू नये.

आपली गाडी मालवाहू आहे आणि आठ वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणजे दरवर्षी फिटनेस तपासणी. तिथे इंजिन क्रमांक पाहिला जातो. शिवाय २५२३ सीसीची नोंद असलेल्या गाडीत २१७९ सीसीचे इंजिन निघाले, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती दावा नाकारण्याचे आयते कारण येते. गाडीवर मजूर बसत असतील तर हा धोका केवळ पैशाचा राहत नाही. कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमतीही आधी घ्यावी.

कडेलोट | ७ जून

रेवाताई, आपण मेकॅनिकच्या उत्साहावर एका परिच्छेदात पाणी ओतलेत.

घाटमाथा | ७ जून

रेवाताईंचा मुद्दा मान्य आहे, आणि माझ्या आर.सी.वर नोंद असल्यामुळे मी निश्चिंत आहे हेही खरे. परंतु माझे म्हणणे तांत्रिक आहे. जुन्या डीआयवर लाखभर खर्च करून शेवटी हाती ६३ अश्वशक्तीच राहणार असेल, तर तो खर्च कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

गणिती | ८ जून

घाटमाथा यांच्या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीने देता येईल, असे वाटते. आकडे सोयीसाठी गोल घेतो, म्हणजे पद्धत दिसेल. आपल्या गाडीचे नेमके प्रमाण पुस्तिकेतून घालून पाहावे.

समजा पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा लो (फोर-व्हीलचा संथ, जादा जोराचा गिअर, म्हणजेच लो रेंज) २.५ आणि आसाचे प्रमाण ४.५ आहे. तिन्हींचा गुणाकार ४५. इंजिनाचा टॉर्क १८० न्यूटन-मीटर असेल तर घर्षणातली घट सोडून चाकांपाशी ८,१०० न्यूटन-मीटर मिळतो. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर जमिनीवरचा धक्का सुमारे २३,१०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २,३५० किलोग्रॅम भाराइतका. आता भरलेल्या गाडीचे वजन पावणेतीन टन धरा. ओल्या, शेवाळलेल्या जांभ्यावर किंवा लाल चिखलात टायरची पकड वजनाच्या ४० टक्के मिळाली तरी भाग्य समजावे. म्हणजे जमीन फार तर ११०० किलो स्वीकारणार. जुने, ‘कमकुवत’ डीआय इंजिनच लो रेंजमध्ये जमिनीच्या क्षमतेच्या दुप्पट धक्का देते. तिथे २९० न्यूटन-मीटरचे एमहॉक बसवले तर चाक अधिक जोरात फिरेल, गाडी अधिक चढणार नाही.

ही वाढीव शक्ती जाते कुठे, तर शाफ्टचे क्रॉस, अर्ध-आस आणि डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन दात्यांवर. १८० वरून २९० म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक वाढ आहे. चाक चिखलात फिरून अचानक दगडावर पकड घेते त्या क्षणी हा सगळा भार मूळ ६३ अश्वशक्तीसाठी निवडलेल्या भागांवर येतो.

मोठ्या इंजिनाचा खरा फायदा हमरस्त्यावर होतो. ८० किलोमीटर वेगाला, २.२ मीटर परिघाचे चाक मिनिटाला सुमारे ६०६ वेळा फिरते. आसाचे प्रमाण ४.५ आणि वरचा गिअर एकास एक असेल तर इंजिन २,७२७ फेऱ्यांवर असते. डीआय आपली कमाल शक्ती ३,२०० फेऱ्यांवर देते, म्हणजे ते जवळजवळ शेवटाला आलेले असते. सीआरडीई ३,८०० आणि एमहॉक ४,००० पर्यंत जाते. तेव्हा प्रश्न असा की आंबेवाट यांची गाडी ८० च्या वेगाने किती धावते?

आंबेवाट | ८ जून

फारच थोडी. हंगामात क्रेट घेऊन राजापूर, कधी अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर. मुंबईला माल ट्रान्सपोर्टने जातो. गाडीचा बहुतेक वेळ बागेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जातो.

डिझेलप्रेमी, गरम झाल्यावर आयडलिंगला दिवा लुकलुकतो. थोडा अॅक्सिलरेटर दिला की विझतो.

वडापकर | ८ जून

एक पर्याय कुणी मांडला नाही. आमच्या सांगली-मिरज भागात वडापच्या (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) ट्रॅक्स गाड्या अजूनही भरपूर आहेत आणि त्यांतले फोर्सचे इंजिन, म्हणजे मर्सिडीजच्या ओएम ६१६ वर आधारलेले, दणकट आहे. पूर्वी आकुर्डीची बजाज टेम्पो हे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने बनवत असे. पुढे तेच २.६ लिटर टर्बो होऊन फोर्सच्या गुरखा गाडीत आले. यांत्रिक पंप आहे, वायरिंगची कटकट नाही, सुटे भाग प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतात.

रेवा | ८ जून

वडापकर, इंजिन कितीही दणकट असले तरी बनावटच दुसरी आहे. कलम ५२ च्या दृष्टीने ते एमहॉकपेक्षाही लांबचे ठरेल.

पान्हेवाला | ८ जून

त्यात यांत्रिक अडचणही आहे. बेल हाउसिंगचे (इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट जुळत नाहीत, मधे अडॅप्टर प्लेट टाकावी लागते, आणि प्लेटच्या जाडीइतके इंजिन पुढे सरकते. फोर-व्हील गाडीत पुढच्या आसाचा गोळा (डिफरन्शियलचे कवच) आणि इंजिनाचे चेंबर यांच्यात आधीच बोटभर अंतर असते. खड्ड्यात पाटे दबले की गोळा चेंबरला भिडतो. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत जी अदलाबदल निर्वेध होते ती फोर-व्हीलमध्ये इथेच फसते. कोणी अशी जोडणी सुचवली तर पाटे पूर्ण दाबून अंतर मोजून दाखवायला सांगावे.

जुनी_जीप | ९ जून

चर्चा वाचून राहवले नाही. आमच्या महिंद्रा एमएम ५४० जीपमध्ये प्यूजोचे एक्सडीपी ४.९० इंजिन आहे, २११२ सीसीचे. महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यात ही इंजिने बनत. त्याचा मोठा भाऊ एक्सडी३पी, २४९८ सीसीचा. ही दोन्ही फ्रेंच, मऊ आवाजाची आणि उंच फेऱ्यांवर फिरणारी. डीआयची वंशावळ वेगळी आहे: ते इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातले, साडेतीन इंच बोअर आणि चार इंच स्ट्रोकचे. स्ट्रोक बोअरपेक्षा लांब, फेऱ्या कमी, आवाज ट्रॅक्टरचा. कमी फेऱ्यांवर ओढण्यासाठीच ते जन्मले आहे, त्यामुळे बागेत पहिल्या गिअरवर चढणाऱ्या गाडीत ते असणे हा योगायोग म्हणता येणार नाही. मला स्वतःला प्यूजो प्रिय आहे, पण आंब्याचे क्रेट वर चढवायला मी डीआयच मागेन.

आणखी एक गंमत: एमहॉक २१७९ सीसीचे आणि टाटांचे २.२ डायकोरही २१७९ सीसीचेच. दोन्हींचा बोअर ८५ आणि स्ट्रोक ९६ मिलिमीटर. तरीही एकाचा बोल्ट दुसऱ्याला लागत नाही. केवळ घनक्षमता सारखी पाहून इंजिन घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कडेलोट | ९ जून

जुनी जीप साहेब, आपल्या एमएम ५४० चा आवाज ‘मऊ’ आहे हे आपल्या शेजाऱ्यांनाही मान्य आहे का?

जुनी_जीप | ९ जून

शेजारी ऐकू कमी येते असे म्हणतात. कारण मी विचारलेले नाही.

सॅक्रामेंटोकर | १० जून

मी कॅलिफोर्नियात राहतो. माझ्याकडे १९९३ ची टोयोटाची फोर-व्हील पिकअप आहे, २२आर-ई इंजिनाची, २३६६ सीसी पेट्रोल. इथेही हाच प्रश्न माझ्यासमोर होता आणि नियमांचा रोख बराच सारखा निघाला. इंजिन बदलायचे तर ते गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, आणि ज्या गाडीतून ते आले तिची प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री सोबत बसवावी लागते. त्यानंतर सरकारमान्य तपासनीस गाडी पाहून मंजुरीचा बिल्ला लावतो. या पिकअपमध्ये ३.४ लिटरचे सहा सिलिंडरचे ५व्हीझेड-एफई बसवण्याची इथे मोठी हौस आहे आणि ते काम चांगले होते, पण मी शेवटी तेच २२आर-ई कारखान्यात नव्याने बांधलेले घेतले. इथे जुने इंजिन परत दिले की अनामत रक्कम परत मिळते, त्यामुळे जुना ब्लॉक वाया जात नाही. माझी गाडी डोंगरात लाकडे आणायला वापरतो. वेग हा तिचा गुण कधीच नव्हता.

घाटमाथा | १० जून

गणिती यांचे गणित वाचले. लो रेंजमध्ये पकड ही मर्यादा आहे, हे बरोबर आहे. पण अणुस्कुरासारख्या पक्क्या घाटात लो रेंज लावत नाहीत, तिथे टायर घसरत नाही आणि शक्तीच कमी पडते. टनभर माल घेऊन चढताना दुसरा गिअर सोडता येत नाही, इंजिन तापते, मागे रांग लागते. रस्त्यावरच्या या बाजूला आपण पूर्ण शून्य किंमत देऊ नये.

गणिती | १० जून

घाटातली अडचण मान्य. त्या बाजूचे वजन आंबेवाट यांच्या वापराने ठरेल. माझे गणित फक्त बागेपुरते आहे.

डिझेलप्रेमी | १० जून

दुसऱ्या पर्यायावर, म्हणजे भंगारातल्या डीआयवर, कोणी बोलले नाही. मी कुर्ल्याच्या बाजारातून एकदा इंजिन घेतले होते आणि ते चांगले निघाले, पण निवडताना फार पाहावे लागले. इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावावे. विक्रेता आधीच तापवून ठेवतो, कारण थंडीतला धूर त्यालाही ठाऊक असतो. तेलाच्या झाकणाखाली पांढरा लोण्यासारखा थर म्हणजे तेलात पाणी. क्रमांकाची जागा घासलेली, रंगवलेली किंवा शेजारच्या पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत दिसली तर इंजिन तिथेच सोडून यावे. बिलासोबत मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागावा; तो नसेल तर आरटीओत नवा क्रमांक चढणे अवघड आणि पोलिसांची चौकशी सोपी. अशा इंजिनाचे आयुष्य किती उरले आहे हे मात्र कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. स्वतःचे इंजिन बांधून घेण्याचा खर्च त्याच्या जवळपास असेल, तर मी स्वतःचेच बांधेन.

पान्हेवाला | ११ जून

सहमत. आणि ब्लॉक तोच राहिला तर क्रमांकही तोच राहतो, म्हणजे रेवाताईंचा सगळा परिच्छेद लागूच होत नाही. अट इतकीच की ब्लॉकला चीर नसावी. पाण्याच्या मार्गांत दाब देऊन चाचणी करून घ्या.

आंबेवाट | १४ जून

सर्वांचे आभार. पान्हेवाला यांनी सांगितल्याप्रमाणे होज पाईप काढला. क्लिपखाली चीर होती आणि फडके आतून तांबडे निघाले. टर्बोच्या पुढच्या पात्यांच्या कडाही बोथट झालेल्या दिसल्या. शाफ्टला बाजूची हालचाल जाणवते. म्हणजे दोष कुठून सुरू झाला ते कळले. मेकॅनिकला हे दाखवल्यावर त्याने एमहॉकचा विषय स्वतःहून बाजूला ठेवला.

घाटमाथा, आपला घाटाचा मुद्दा मी डोक्यात ठेवला आहे, पण घाटाच्या फेऱ्या हंगामापुरत्या आहेत आणि त्यासाठी आर.सी. व विमा टांगणीला लावण्याची माझी तयारी नाही. स्वतःचेच इंजिन बांधून घ्यायचे आणि टर्बो नवा घ्यायचा, असे ठरवले आहे. घाटासाठी रेडिएटरही बदलेन. इंजिन गाडीतून उतरवले असून ब्लॉक दाबाच्या चाचणीसाठी जाईल. लायनर (सिलिंडरमधले आतले नळकांडे) बदलावे की बोअर कापून मोठा करून ओव्हरसाईज पिस्टन घालावेत, यावर मात्र दोन मेकॅनिक दोन मते देत आहेत.

घाटमाथा | १४ जून

आपल्या वापरासाठी हे योग्य आहे. नव्या टर्बोला तेल पुरवणारी नळी जुनीच वापरू देऊ नका. त्यात काजळी साचलेली असते आणि नवा टर्बो पहिल्याच चढावर तेलावाचून जातो. ती नळी नवी घ्या.

सड्यावरची_सावली | १४ जून

आणि बांधलेले इंजिन सुरू झाल्यावर मंडळी ते तासन्‌तास आयडलिंगला ठेवून ‘बसवतात’. तसे करू देऊ नका. भार नसताना रिंगा बोअरला नीट बसत नाहीत, बोअर चकचकीत होतो आणि तेल खाणे सुरूच राहते. मध्यम भाराने, फेऱ्या बदलत चालवा, आणि पहिल्या हजारेक किलोमीटरनंतर तेल व फिल्टर बदला. आमच्या इंजिनाला हेड तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळून घेतले होते.

पान्हेवाला | १५ जून

लायनर की ओव्हरसाईज, हे मताने ठरत नाही, मोजमापाने ठरते. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी आडवा-उभा मोजून घ्या. मातीने झिजलेल्या बोअरमध्ये वरच्या रिंगेच्या जागी सर्वांत जास्त फरक सापडतो. क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मोजा, कारण गरम इंजिनाला दिवा लुकलुकतो त्याचे मूळ ऑइल पंपात असू शकते तसे बेअरिंगमध्येही. पूर्वी कधी ग्राइंडिंग झाले असेल तर तेही त्यात कळेल. ब्लॉक परत आला की चारही सिलिंडरचे आकडे इथे टाका, मग बोलू.